सोलेनॉइडच्या कॉइलला तार किती जाड घ्यावी

१२ व्होल्ट डीसी सोलेनॉइडची (वीज दिली की लोखंडी दांडा आत ओढणारा चुंबक) कॉइल जळाली म्हणून मी ती घरीच पुन्हा गुंडाळायला घेतली. ३० गेजची तार काढली आणि ३६ गेजची घातली. तार बारीक, त्यामुळे वेढे अडीचपट बसतील आणि जोर वाढेल, असा माझा हिशोब. प्लंजर, म्हणजे तो दांडा, जागचा हलला नाही.

चूक कुठे झाली ते आधी समजून घ्या. जोर ठरतो करंट गुणिले वेढे यावर. वेढे वाढले की तार लांब होते, रोध (रेझिस्टन्स) वाढतो आणि करंट त्याच प्रमाणात घटतो. म्हणजे व्होल्टेज तेच असेल तर नुसते वेढे वाढवून जोर वाढत नाही, कॉइल फक्त थंड राहते. जोर वाढतो तो तार जाड केली की.

आता कामाला लागा.

१. जुन्या तारेच्या टोकाचे इनॅमल (तारेवरचा इन्सुलेशनचा पातळ थर) पॉलिश पेपरने खरवडा आणि मायक्रोमीटरने जाडी मोजा. ब्रिटिश (SWG) मापात ३० गेज म्हणजे ०.३१५ मिमी, ३६ गेज म्हणजे ०.१९३ मिमी. आकडा वाढला की तार बारीक होते. इनॅमलसकट मोजलेत तर गेज चुकेल.

२. एका वेढ्याची सरासरी लांबी काढा. माझ्या कॉइलचा आतला व्यास १५ मिमी, बाहेरचा २५. सरासरी २०, गुणिले ३.१४, म्हणजे ६३ मिमी.

३. रोध काढा. ०.०१७२ ला तारेच्या छेदाच्या क्षेत्रफळाने (चौरस मिमी) भागले की तांब्याच्या एका मीटरचे ओहम मिळतात. ३० गेजला ०.२२. १००० वेढे म्हणजे ६३ मीटर, सुमारे १४ ओहम. करंट ०.८६ अँपिअर, उष्णता १० वॅट, करंट आणि वेढ्यांचा गुणाकार ८६०.

माझ्या ३६ गेजच्या २५०० वेढ्यांचा रोध ९२ ओहम झाला, करंट ०.१३ अँपिअर, गुणाकार जेमतेम ३२५. जोर या गुणाकाराच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणून तो सातव्या हिश्श्यावर आला. उलट २४ गेजचे त्याच जागेत ३३० वेढे बसतात, पण ती कॉइल ८ अँपिअर खेचते आणि १०० वॅटच्या आसपास तापते. सतत चालू ठेवलीत तर जळणारच. गाडीच्या स्टार्टरमध्ये म्हणूनच दोन कॉइल असतात: जाड तारेची क्षणभर खेचायला, बारीक तारेची धरून ठेवायला.

४. तापण्यासाठी थोडी सूट ठेवा. कॉइल ६० अंशांनी तापली की तांब्याचा रोध सुमारे २३ टक्के वाढतो. थंड असताना कसाबसा ओढणारा प्लंजर मग अडकतो.

एसी कॉइलला हा हिशोब लावू नका. तिथे करंटला रोधापेक्षा इंडक्टन्स (बदलत्या करंटला कॉइलचा होणारा विरोध) जास्त अडवतो, त्यामुळे जुने वेढे मोजून तेवढेच घाला.

५. गुंडाळून झाल्यावर मल्टिमीटर लावा. रोध हिशोबापेक्षा बराच कमी आला तर वेढे आतून शॉर्ट झालेत किंवा मोजताना चुकलेत. तशी कॉइल सप्लायला जोडू नका, सोडून पुन्हा गुंडाळा.