पेरणी-वेचणी सांभाळून पर्यावरण नियोजन कसं शिकावं

पर्यावरण नियोजन किंवा नैसर्गिक संसाधन व्यवस्थापन हा विषय शेती किंवा नोकरी करून शिकणारा माणूस सहसा विषय जड गेला म्हणून गळत नाही. तो तारखांमुळे गळतो. इग्नूच्या (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या) सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. जूनमध्ये विदर्भात पेरणीची धांदल आणि डिसेंबरमध्ये कापसाची वेचणी. म्हणून प्रवेशाचा अर्ज उघडण्याआधी एका मोठ्या कागदावर बारा महिने मांडा आणि घरच्या कामाचे आठवडे त्यावर आधी लिहा. अभ्यास उरलेल्या जागेत बसवायचा.

जुलै सत्रात प्रवेश घेतला, तर वार्षिक अभ्यासक्रमाची पहिली परीक्षा पुढच्या जूनमध्ये येते. जानेवारीत घेतला, तर डिसेंबरमध्ये. कापूस-सोयाबीन-तूर असलेल्या घराला जुलै सत्र सोयीचं, कारण फेब्रुवारी ते मे हा खरा मोकळा काळ परीक्षेच्या अगदी आधी मिळतो. जड पेपर जूनमध्ये ठेवा. डिसेंबरमध्ये एक, फार तर दोन पेपर द्या. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात हेच गणित उलटं आहे. तिथे मार्च-एप्रिल मोह वेचण्यात आणि मे तेंदूपत्त्यात जातो, आणि धानाची कापणी बहुतेक नोव्हेंबरात आटोपते. अशा घराने जानेवारी सत्र धरावं. जुलै सत्राचे कागद मात्र मेमध्येच तयार ठेवा. पेरणीच्या दिवसांत तहसीलच्या दाखल्यासाठी दोन खेटे घालणं कोणालाच परवडत नाही.

आता तास. मुक्त विद्यापीठात एक श्रेयांक म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास. ३२ श्रेयांकांची पदविका म्हणजे ९६० तास. वर्षाचे ५२ आठवडे धरले तर आठवड्याला साडेअठरा तास होतात आणि ते जमण्यासारखं वाटतं. पण पेरणी, सोयाबीनची सोंगणी आणि वेचणीचे मिळून चौदा आठवडे वजा करा. ३८ आठवड्यांत तेवढेच तास म्हणजे आठवड्याला पंचवीस, आणि ते दिवसभर वावरात राबणाऱ्याला जमत नाहीत. त्यामुळे एक वर्षाची पदविका सुरुवातीपासूनच दोन वर्षांची धरा. आठवड्याला तेरा तास पडतात. कमाल मुदत किती आहे ते माहितीपुस्तिकेत पाहून घ्या. अशा पदविकांना साधारणपणे किमान मुदतीपेक्षा जास्त वर्षं दिलेली असतात, आणि ती वापरण्यात कमीपणा नाही.

अभ्यासक्रम निवडताना नावावर जाऊ नका, विषयांची यादी वाचा. ‘पर्यावरण’ नावाच्या एका अभ्यासक्रमात नुसते कायदे असतात, दुसऱ्यात नुसतं रसायनशास्त्र. गावपातळीवर काम करायचं असेल तर पाणलोट, माती, वन, नकाशे आणि नियोजन यांतले निदान तीन विषय त्यात हवेत. माध्यमही आधीच तपासा. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे बरेच अभ्यासक्रम मराठीत आहेत, इग्नूचं वरच्या पातळीवरचं पर्यावरणाचं साहित्य मुख्यतः इंग्रजीत. मुक्त किंवा दूरशिक्षणाच्या पदवीला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाची मान्यता लागते आणि आता प्रवेशाआधी याच मंडळाचा ओळख क्रमांक, म्हणजे डीईबी आयडी, काढावा लागतो. तो अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या, म्हणजे श्रेयांक जमा होणाऱ्या ऑनलाइन खात्यावरून निघतो. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि या खात्यातलं नाव अक्षरानिशी जुळलं पाहिजे. वडिलांचं नाव एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, एवढ्यावरही अर्ज अडतो. आधीच एखाद्या महाविद्यालयात पदवी करत असाल तरी अडचण नाही. २०२२ पासून दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करता येतात, प्रत्यक्ष वर्गांच्या वेळा मात्र एकमेकांवर येता कामा नयेत.

पैसे भरण्याआधी इग्नूची पुस्तकं ई-ज्ञानकोश या त्यांच्याच संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. एक पूर्ण घटक वाचून पाहा. केंद्र सरकारच्या स्वयम या ऑनलाइन मंचावरचे एनपीटीईएलचे वर्गही फुकट ऐकता येतात, फक्त परीक्षेला शुल्क लागतं. बारा आठवड्यांच्या एनपीटीईएल अभ्यासक्रमात स्वाध्यायांना २५ आणि केंद्रावरच्या परीक्षेला ७५ गुण असतात, आणि बारापैकी उत्तम आठ स्वाध्याय धरतात. मृदा किंवा जलविज्ञानाचा पाया कच्चा असेल तर हे एक करून मगच पदविकेला हात घाला.

स्वाध्यायात होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. गेल्या सत्राचे प्रश्न उतरवून लिहिणं ही सगळ्यांत मोठी. प्रश्न सत्रागणिक बदलतात, म्हणून पहिल्या पानावरचं सत्र पाहूनच पेन उचला. दुसरी, स्वाध्याय दिला म्हणजे परीक्षेला नाव लागलं असं समजणं. परीक्षेचा अर्ज वेगळा भरायचा असतो. तिसरी, पोच न घेणं. जमा केलेल्या प्रत्येक पानाचा फोटो आणि पोच मोबाइलबरोबर ई-मेलमध्येही ठेवा. स्वाध्याय आणि परीक्षा या दोन्हीत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं, त्यामुळे चांगला पेपर देऊनही राहिलेला स्वाध्याय निकाल अडवून धरतो.

या विषयाचा खरा कस क्षेत्रीय कामात लागतो, आणि इथे खेड्यातला विद्यार्थी शहरातल्यापेक्षा पुढे आहे. प्रयोगशाळा त्याच्या धुऱ्यापासून, म्हणजे शेताच्या बांधापासून, सुरू होते. प्रकल्पाला ‘जलसंवर्धन’ असा मोठा विषय घेऊ नका. आपल्या गावाचा एका वर्षाचा पाण्याचा ताळेबंद घ्या. तो मोजता येतो, तपासता येतो आणि नंतर गावाच्या कामी येतो.

सुरुवात पावसापासून. सरळ कडेची बाटली किंवा साधं पर्जन्यमापक मोकळ्या जागेत, तोंड जमिनीपासून फूटभर उंच ठेवून बसवा. झाड किंवा घर जितकं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर. रोज सकाळी साडेआठला मोजायचं आणि त्याच दिवसाच्या तारखेखाली लिहायचं. अडीच मिलिमीटर किंवा जास्त पडला तर तो ‘पावसाचा दिवस’. तुमचे आकडे महसूल मंडळाच्या नोंदीशी दर महिन्याला ताडून पाहा. फरक असणारच, आणि अहवालात दोन्ही आकडे द्यायचे.

मग हिशेब. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर. पाणलोटाच्या कामात हिशेब टीसीएममध्ये करतात: १ टीसीएम म्हणजे १,००० घनमीटर. शिवार ५०० हेक्टरचं आणि पाऊस ९०० मिलिमीटर धरला तर ४,५०० टीसीएम पाणी पडलं. ते सगळं हाती राहत नाही, बरंचसं वाहून आणि वाफ होऊन जातं. आता गरज पाहा. १,५०० लोकांना जलजीवन मिशनच्या मापाने माणशी रोज ५५ लिटर धरले तर वर्षाला साधारण ३० टीसीएम लागतात. शंभर हेक्टर हरभऱ्याला ६ सेंटिमीटरची तीन पाणी दिली तर १८० टीसीएम. तेवढ्याच गव्हाला पाच पाणी दिली तर ३००. हे तीन आकडे एका खाली एक लिहिले की पिण्याच्या पाण्याची टंचाई पिकाच्या निवडीशी कशी बांधलेली आहे ते कागदावर दिसतं. ताळेबंदात सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या.

विहिरींसाठी शिवारात वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातल्या मिळून निदान सहा विहिरी निवडा. कठड्यावर ऑइलपेंटने एक खूण करा आणि दर वेळी त्याच खुणेपासून टेप सोडा. कठड्याची उंची वजा करायला विसरू नका, हा घोळ फार होतो. पावसाळ्याआधी मेअखेर आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात मोजणी हवीच, मधले महिने जमतील तसे. सकाळची वेळ चांगली असं पुस्तकात असतं, पण शेतीची लाइन रात्रपाळीची असेल तर सकाळी विहीर उपसलेलीच सापडते आणि आकडा खोटा येतो. मोटार बंद होऊन आठ-दहा तास झालेले असावेत. पातळीत झालेल्या वाढीवरून पुनर्भरण (जमिनीत मुरलेलं पाणी) काढायला खडकाची विशिष्ट उत्पन्नक्षमता (स्पेसिफिक यील्ड) लागते, म्हणजे खडकातून निथळून मिळू शकणाऱ्या पाण्याची टक्केवारी. पश्चिम विदर्भातल्या झिजलेल्या काळ्या पाषाणात ती ढोबळमानाने १ ते ३ टक्के धरतात. २ टक्के धरले, तर १०० हेक्टरखाली पाणी एक मीटर चढणं म्हणजे २० टीसीएम. विहिरीत मीटरभर पाणी दिसलं की खूप वाटतं, जमिनीत मात्र ते एवढंच असतं.

नाल्याचा प्रवाह मोजायला संत्रं उत्तम. ते बहुतेक पाण्यात बुडून तरंगतं, म्हणून वाऱ्याने ढकललं जात नाही. सरळ पात्रात १० मीटर अंतर आखा, तीनदा सोडा, वेळेची सरासरी घ्या. समजा २५ सेकंद लागले, तर वेग सेकंदाला ०.४ मीटर. पृष्ठभागावरचं पाणी जास्त वेगाने वाहतं, म्हणून ०.८ ने गुणा: ०.३२. पात्र २ मीटर रुंद आणि सरासरी ०.३ मीटर खोल असेल तर सेकंदाला १९२ लिटर. पुराच्या दिवशी नाल्यात उतरू नका, काठावरच्या खुणेवरून फक्त पातळी टिपा.

मातीच्या नमुन्याला ‘व्ही’ आकाराचा खड्डा, खोली २० सेंटिमीटरच्या आसपास, एकरात आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करून, दर वेळी चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलोवर आणायची. खताचा ढीग, धुरा आणि झाडाखालची जागा सोडा. पाणी मुरण्याचा वेग भर उन्हाळ्यात काळ्या जमिनीत मोजाल तर पाणी भेगांतून सरळ खाली जाईल आणि जमीन फार मुरवणारी आहे असा निष्कर्ष निघेल. पावसाळ्यात भेगा मिटल्या की तीच जमीन पाणी धरून बसते. हा प्रयोग ऑगस्टात करा. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात माती तपासताना पीएच आणि क्षारतेबरोबर सोडियमही मागा. तिथे बोअरचं खारं पाणी ओलिताला सुचवणारा आराखडा जमीन बिघडवतो. पावसाचं पाणी साठवणारं शेततळं हा तिथला मार्ग.

नकाशाची एक खास अडचण विदर्भात येते. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि चांगलं आहे, पण यूटीएम या नकाशांच्या मोजमाप-पद्धतीत विदर्भ दोन पट्ट्यांत विभागला जातो. ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला ४३ आणि पूर्वेला ४४. अकोला, वाशिम, बुलढाणा ४३ मध्ये. वर्धा, नागपूर आणि त्यापलीकडचे जिल्हे ४४ मध्ये. यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांतून ही रेषाच जाते. पट्टा चुकला की नकाशाचे थर एकमेकांवर बसत नाहीत. गावचा नकाशा भूमी अभिलेखकडून घ्या आणि जुळवताना विहीर, देऊळ, रस्त्याचा फाटा असे न हलणारे निदान पाच बिंदू वापरा. नाल्याचा काठ घेऊ नका, तो सरकतो.

कागदपत्रांत सातबाऱ्यावर थांबू नका. नागपूर विभागातल्या गावांसाठी निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज काढा. सरपण, चराई, गौण वनोपज, तलावाचं पाणी यांवर गावाचा वहिवाटीचा हक्क त्यात लिहिलेला असतो. धानपट्ट्यातले माजी मालगुजारी तलाव (जुन्या मालगुजारांच्या काळचे) आणि बोड्या (लहान तळी) यांचं नियोजन हे न वाचता केलं तर ते अपुरं. जमिनीच्या नोंदीत ‘झुडपी जंगल’ दिसलं तर थांबा. मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ती जमीन वन समजली जाते, तिच्यावर शेततळं किंवा सभागृह सुचवणारा आराखडा मंजुरीच्या पहिल्याच पायरीवर अडेल. ओसाड दिसते म्हणून मोकळी धरू नका.

वनाचा अभ्यास घ्यायचा असेल तर झाडांसाठी १० बाय १० मीटर, झुडपांसाठी ५ बाय ५ आणि गवतासाठी १ बाय १ मीटरचे चौरस आखतात. खोडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजायचा. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात ग्रामसभेला विचारून आत जा, इतरत्र वन विभागाची लेखी परवानगी घ्या. वनहक्क कायदा २००६ चा, आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला. गडचिरोलीकडच्या विद्यार्थ्याने व्यवस्थापन आराखडा कसा असतो हे तिथपासून वाचत यावं. वाघाच्या टापूत पहाटे आणि संध्याकाळी चौरस आखायला जाऊ नका. वाकून काम करणारा माणूस एकटा तर नकोच. चार जण मिळून, उजेडात, बोलत काम करा.

उपाय सुचवताना क्रम माथा ते पायथा ठेवा: वरच्या उतारावर सलग समतल चर, मग ढाळीचे बांध आणि कंपार्टमेंट बंडिंग (शेताचे कप्पे पाडणारे बांध), त्यानंतर नाल्यातली कामं. परीक्षक पहिल्यांदा हेच तपासतात. वरचा उतार न बांधता खाली सिमेंट बंधारा दाखवला तर दोन-तीन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो.

इंग्रजी शब्दांसाठी वेगळी वही करा. डाव्या पानावर पुस्तकातला शब्द, उजव्यावर आपल्या गावातला: मुरमाड, भारी, पाणथळ, पोयटा. तोंडी परीक्षेत गावातला शब्द आधी सांगून मग पारिभाषिक सांगितला तर उत्तर स्वतःचं वाटतं.

अहवालाचा कच्चा खर्डा ऑगस्टअखेर पूर्ण करा आणि त्यातली पाण्याच्या हिशेबाची दोन पानं मराठीत वेगळी काढा. ऑक्टोबरच्या विहिरींच्या आकड्यासाठी एक रकाना रिकामा ठेवून ती २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे ठेवा. ग्रामपंचायत विकास आराखड्याची चर्चा त्याच सुमारास सुरू होते. रब्बीत गहू किती लावायचा आणि हरभरा किती, हे ठरायलाही तेव्हा अजून वेळ असतो.