रजिस्ट्री क्लीनरवर भरवसा? या चुका टाळा

कॉम्प्युटर हळू झाला की लोक आधी रजिस्ट्री क्लीनर, म्हणजे विंडोजच्या रजिस्ट्रीतल्या नोंदी 'साफ' करणारा प्रोग्रॅम, टाकतात आणि कॉम्प्युटर बिघडला की माझ्याकडे आणतात. तेच तेच पाहून कंटाळलोय, म्हणून लिहितोय.

पहिली चूक म्हणजे आकड्याला घाबरणं. स्कॅन संपतो, लाल अक्षरांत '१३४७ एरर' झळकतं आणि हात आपोआप बटणाकडे जातो. त्या एरर नसतातच. रजिस्ट्री हा विंडोज आणि प्रोग्रॅमच्या सेटिंगचा डेटाबेस आहे. काढलेल्या प्रोग्रॅमच्या काही नोंदी मागे राहतात, हे खरं. पण विंडोज हवी ती 'की' (रजिस्ट्रीतला नोंदींचा कप्पा) थेट गाठतं, सगळी रजिस्ट्री वाचत बसत नाही. लाखो नोंदींतल्या हजारभर काढून वेग वाढत नाही.

दुसरी चूक 'फिक्स ऑल', म्हणजे न बघता सगळ्या नोंदी एकदम साफ करायचं बटण. एका ओळखीच्या माणसाने हिशेबाचा प्रोग्रॅम पोर्टेबल ड्राइव्हवर टाकला होता. स्कॅन केला तेव्हा ड्राइव्ह जोडलेला नव्हता. क्लीनरने पाहिलं, नोंदीत दिलेल्या जागी फाइल नाही, म्हणजे नोंद फालतू. सगळ्या उडवल्या. दुसऱ्या दिवशी ड्राइव्ह लावला, प्रोग्रॅम उघडला, तर 'क्लास नॉट रजिस्टर्ड'. फायली जागच्या जागी होत्या, विंडोजकडची त्यांची ओळख तेवढी पुसली गेली होती. सिस्टिम रिस्टोअर, म्हणजे विंडोज आधीच्या स्थितीत नेणारी सोय, बंद. रजिस्ट्रीची प्रत जिथे असायची तो विंडोजचा रेगबॅक फोल्डर उघडला तर प्रत्येक फाइल शून्य केबी, कारण विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून (२०१८) तिथला आपोआप होणारा बॅकअप बंद आहे. क्लीनरचा स्वतःचा बॅकअपही त्या माणसाने 'जागा वाचवायला' डिलीट केला होता. प्रोग्रॅम पुन्हा टाकून, लायसन्स शोधून सगळं मार्गी लावायला दोन दिवस गेले. दहा मिनिटांच्या घाईची ही किंमत मला अजून खटकते.

नाव मोठं म्हणून निर्धास्त राहणं हीही चूकच. २०१७ मध्ये सीक्लीनर या नावाजलेल्या क्लीनरच्या ५.३३ आवृत्तीत हल्लेखोरांनी मालवेअर घुसवलं आणि ती कंपनीच्या अधिकृत डाउनलोडमधूनच वीस लाखांहून जास्त मशीनवर गेली. क्रॅक केलेल्या क्लीनरबद्दल तर बोलायलाच नको. दोन क्लीनर एकामागून एक चालवू नका.

मायक्रोसॉफ्टचं म्हणणंही ऐका: अशा सॉफ्टवेअरच्या वापराला कंपनीचं समर्थन नाही, आणि त्यातून उद्भवलेल्या अडचणी सुटतीलच याची हमीही ती देत नाही.

मग मशीन हळू असेल तर? मी टास्क मॅनेजर उघडतो, स्टार्टअपमधले नको ते प्रोग्रॅम बंद करतो, डिस्क भरली आहे का बघतो, मेमरी कोण खातंय ते पाहतो. हार्ड डिस्क जुनी असेल तर एसएसडी बसवायला सांगतो. लोकांना हे रटाळ वाटतं, एका क्लिकवर सगळं हवं असतं.

रजिस्ट्रीला हात लावतो तो एकाच कामासाठी: जुन्या नोंदीमुळे एखादा प्रोग्रॅम पुन्हा इन्स्टॉल होत नसेल तर. तेव्हाही आधी रिस्टोअर पॉइंट, मग रेगएडिटमधून (विंडोजचा रजिस्ट्री एडिटर) तेवढी एकच 'की' एक्स्पोर्ट, म्हणजे तिची प्रत फाइलमध्ये, मग डिलीट, मग रीस्टार्ट. एक्स्पोर्ट केलेली फाइल महिनाभर तरी ठेवतो.