ब्रिटनमध्ये एक वर्षाचं मास्टर्स करताय? या चुका टाळा

मँचेस्टर, लीड्स, बर्मिंगहॅमसारख्या मोठ्या विद्यापीठात सप्टेंबरमध्ये पोहोचलं की हातात पडलेलं वेळापत्रक बघून हायसं वाटतं. आठवड्याला जेमतेम दहा-बारा तास वर्ग! तिथेच गणित चुकायला लागतं.

मास्टर्स १८० क्रेडिटचं असतं आणि एका क्रेडिटमागे १० तासांचं काम धरलेलं असतं. म्हणजे १५ क्रेडिटच्या मोड्यूलला (एका विषयाला) १५० तास, आणि त्यातले वर्गातले असतात साधारण २० ते ३०. बाकीचे वाचन, टिपणं आणि असाइनमेंटसाठी स्वतः काढायचे. एका सत्रात अशी चार मोड्यूल असली, तर ६०० तास होतात. १५ आठवड्यांत वाटून बघा, आठवड्याला ४० तास निघतात. परीक्षेआधी महिनाभर रात्रंदिवस बसून पास होण्याची सवय इथे अंगाशी येते, कारण अनेक कोर्सना पहिलं लेखी काम ख्रिसमसच्या आधीच द्यायचं असतं.

गुणांचं मापही वेगळं आहे. बहुतेक ठिकाणी मास्टर्सला ५० ला पास, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. ६४ मिळाले म्हणजे काम चांगलं झालंय, खचून जाऊ नका.

टर्नइटिनचा आकडा

टर्नइटिन हे तुमचा मजकूर इतर लिखाणाशी किती जुळतो ते टक्क्यांत दाखवणारं सॉफ्टवेअर. ‘२० टक्क्यांच्या खाली आहे ना, मग चालतंय’ हा सल्ला दर बॅच पुढच्या बॅचला देते. असा सुरक्षित आकडा नसतोच. संदर्भसूची, अवतरणं आणि प्रश्नाचा मजकूर मिळून ३० टक्के दिसू शकतात आणि काम पूर्ण स्वच्छ असू शकतं. उलट ८ टक्के म्हणजे एका लेखातून उचललेला सलग परिच्छेद असू शकतो, आणि त्यावर चौकशी बसते. चार शब्द बदलून वाक्याची रचना तशीच ठेवली, तरी ती चोरीच धरतात. मूळ लेख बाजूला ठेवून मुद्दा स्वतःच्या वाक्यात लिहा आणि तिथेच संदर्भ द्या. शेवटच्या रात्री संदर्भ शोधत बसलात, की घोटाळा ठरलेलाच.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मित्राला ‘फक्त बघायला’ पाठवलेली फाइल हाही मोठा धोका आहे. दोघांचं काम सारखं निघालं, तर देणारा आणि घेणारा दोघेही अडकतात. पैसे घेऊन असाइनमेंट लिहून देणाऱ्यांच्या नादी तर मुळीच लागू नका. ही सेवा विकणं इंग्लंडमध्ये २०२२ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि विद्यार्थ्याला विद्यापीठातून काढून टाकेपर्यंत प्रकरण जाऊ शकतं.

आजारपण मुदतीआधी कळवा

उशिरा दिलेल्या कामाचे अनेक ठिकाणी दिवसाला ५ किंवा १० गुण कापतात. मोठं आजारपण, गंभीर मानसिक ताण, घरी कुणी गेल्याची बातमी, अशा वेळी मुदतवाढ मिळू शकते. अशा कारणांना विद्यापीठानुसार मिटिगेटिंग किंवा एक्स्टेन्युएटिंग सर्कमस्टन्सेस म्हणतात. भिडेपोटी गप्प राहून कसंबसं काम देणं आणि निकालानंतर कारण सांगणं ही आपल्या मुलांची नेहमीची चूक. फॉर्म शक्यतो मुदतीआधी भरायचा, पुराव्यासह. कागद इंग्रजीत नसेल तर भाषांतर जोडायचं. निकालानंतर अपील करता येतं, पण ‘मला जास्त गुण हवे होते’ एवढ्यावर ते टिकत नाही. प्रक्रियेत चूक झाली, असं काही ठोस कारण दाखवावं लागतं.

पुराव्यासाठी डॉक्टर लागतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात जीपीकडे (तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवा. व्हिसासोबत वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार तुम्ही आधीच भरलेला आहे. नोंदणी फुकट आहे. आजारी पडल्यावर नोंदणीला धावलात, तर ऐन गरजेच्या वेळी ताटकळत बसाल.

२० तासांचा नियम

पदवी आणि मास्टर्सच्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. आठवडा सोमवार ते रविवार असा धरतात आणि सगळ्या नोकऱ्यांचे तास एकत्र मोजतात. या आठवड्यात १५, पुढच्यात २५, ‘सरासरी २०’ असं चालत नाही. खरी फसगत जूनमध्ये होते. पदवीच्या मुलांना सुट्टी लागते, पण मास्टर्सवाल्यांचं डिझर्टेशन (शेवटचा मोठा प्रबंध) सप्टेंबरपर्यंत सुरू असतं आणि तो काळ सत्रातच धरला जातो. पूर्णवेळ शिफ्ट घेतली की व्हिसाची अट मोडली. स्वयंरोजगारालाही बंदी आहे, म्हणून अ‍ॅपवरून जेवण पोहोचवण्याचं काम सायकलवर दोन तास केलं तरी नियमात बसत नाही. तारखांबद्दल शंका असेल, तर विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. रूममेटचं ऐकून ठरवू नका.

घरातले सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील, तर कौन्सिल टॅक्स (राहत्या घरावरचा स्थानिक कर) माफ असतो. तरीही बिल आलं तर फेकू नका. विद्यापीठाचं प्रमाणपत्र कौन्सिलकडे पाठवा.

शेवटचे चार महिने

कोर्स १२ महिने किंवा जास्त असेल, तर व्हिसा कोर्सनंतर ४ महिने चालतो. थोडाही कमी असेल, तर फक्त २ महिने. म्हणून ई-व्हिसावरची (ऑनलाइन दिसणाऱ्या व्हिसावरची) तारीख आपल्या डोळ्यांनी बघा. शिक्षणानंतर ब्रिटनमध्ये राहून काम करू देणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसाचा अर्ज ब्रिटनमध्ये असतानाच करावा लागतो, आणि तोही कोर्स यशस्वीपणे पूर्ण झाल्याचं विद्यापीठाने गृहखात्याला कळवल्यावर. पदवीदान समारंभाची वाट बघायची गरज नाही. सामान बांधून घरी आलात आणि व्हिसाची मुदत संपली, तर ही संधी जाते. अर्ज केल्यावर निर्णय येईपर्यंत दिवाळीचं तिकीट काढू नका. मध्येच देशाबाहेर गेलात, तर अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना या व्हिसावर दोन वर्षांऐवजी १८ महिनेच मिळतील, तेव्हा कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब त्यावर बांधा.