रंगाखालून रेघा वर येतात? पेपरचा नंबर निवडताना या चुका टाळा

गाडी गॅरेजमधून निघते तेव्हा फेंडर आरशासारखा असतो. दोन-तीन आठवड्यांनी उन्हात तिरकं पाहिलं की लांबी (खड्डा बुजवायची पुट्टी) भरलेल्या जागेची कड दिसते आणि तिच्याभोवती समांतर रेघा. खापर रंगावर किंवा थिनरवर फुटतं. बहुतेक वेळा मात्र दोष ८० नंबरच्या सँडपेपरचा असतो (नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक). त्याच्या खोल रेघा न काढताच वर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर, मारलेला असतो. ओला असताना प्रायमर त्या रेघा भरून टाकतो. पुढे थिनर उडून जातं, प्रायमर आकसतो आणि रेघांमध्ये खाली बसतो.

घाईत होणारी पहिली चूक म्हणजे ८० वरून थेट ३२० वर उडी. पी ८० चा (‘पी’ म्हणजे युरोपियन माप) कण साधारण २०० मायक्रॉनचा, पी ३२० चा जेमतेम ४६ चा. ३२० ने कितीही घासलं तरी ८० च्या रेघांचे काठ फक्त गुळगुळीत होतात, तळ तसाच राहतो. म्हणून लांबीला आकार द्यायचा ८० ने, पण अंतिम उंचीच्या जरा आधीच थांबायचं. मग १२०, मग १८०. जुन्या रंगाची कड उतरती करायला २४०, शेवटी ३२०. प्रत्येक नंबरला दिशा बदलून तिरपं घासा, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते लगेच कळतं. पेपर बदलताना धूळ पूर्ण झाडा. ८० चा एखादा कण १८० खाली अडकला तरी नवी खोल रेघ पडते.

लांबीवर वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पेपर) मारू नका. पॉलिएस्टर लांबी पाणी शोषते, ते पत्र्यापर्यंत जातं आणि काही महिन्यांनी फोड येतात, खालून गंज सुरू होतो. पावसाळ्यात तर हे हमखास. पाण्याचं काम प्रायमर सरफेसर (बारीक रेघा भरणारा जाड प्रायमर) पूर्ण वाळल्यावरच.

सरफेसरवर काळा गाइड कोट, म्हणजे खड्डे दाखवणारा रंगाचा फवारा, अगदी हलका उडवा. घासताना काळे ठिपके उरले तर तिथे खड्डा आहे. बोटाने तेवढीच जागा खरवडलीत तर खड्डा आणखी खोल होईल. ठोकळा लावूनच घासा आणि ठिपके जातच नसतील तर प्रायमरचा आणखी एक हात द्या.

रंगाआधीचा शेवटचा नंबर रंगावर ठरतो. साध्या पांढऱ्या-लाल रंगाला कोरडा पी ४००-५०० किंवा ओला ६०० पुरतो. सिल्व्हर आणि इतर मेटॅलिकला एवढ्यावर थांबलात तर चमकीचे कण रेघांमध्ये बसून गडद पट्टे दिसतात, म्हणून ओला ८००. जुन्या क्लिअरवर (रंगावरच्या पारदर्शक थरावर) नवा रंग हळूहळू विरवायचा असेल तिथे १०००. याच्या उलट चूकही होते: जास्त गुळगुळीत म्हणजे जास्त चांगलं असं धरून रंगाखाली १५०० किंवा २००० मारतात. रंगाला पकड मिळत नाही आणि पुढे तो पापुद्र्यासारखा सुटतो. हे नंबर क्लिअर वाळल्यानंतरचे.

पेपर घेताना पाठीवर ‘पी’ आहे का ते बघा. साधारण २२० पर्यंत युरोपियन ‘पी’ आणि जुनी अमेरिकन मापं जवळपास सारखीच, पुढे मात्र फार फरक पडतो. ‘पी’ नसलेला अमेरिकन ४०० हा पी ६०० आणि पी ८०० च्या मधे येतो, अमेरिकन ६०० जवळजवळ पी १२०० इतका बारीक. दोन्ही मिसळले की क्रमच बिघडतो.

घासायच्या आधी पॅनेल साबणाने आणि ग्रीस रिमूव्हरने पुसा. घासून झाल्यावर नुसतं पुसलं तर जुनं सिलिकॉन पॉलिश रेघांमध्ये आधीच चोळलं गेलेलं असतं आणि रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात.

बॉडी लाइन (पत्र्यावरची उठावदार घडी) आणि दाराच्या कडांवर रंग पातळ असतो. शेजारी घासताना त्यांवर मास्किंग टेप लावा, शेवटी टेप काढून कड हातानेच, बारीक पेपरने दोन-चार वेळा. तरीही पत्रा उघडा पडला तर, नखाएवढा असला तरी, आधी त्यावर प्रायमर. थेट बेसकोट (क्लिअरखालचा रंगाचा थर) मारलेला तिथेच पहिल्यांदा उखडतो.