आभारप्रदर्शन सुरू झालं की एकाने उठायचं

वसंत व्याख्यानमालेला जायचं असेल तर आधी पेपरातलं ‘आजचे कार्यक्रम’ काढा. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली ही माला साधारण २१ एप्रिल ते २० मे चालते. महिनाभर रोज हजेरी लावणारी मंडळी पुण्यात आहेत. आपण एक संध्याकाळ निवडायची. वक्त्याच्या नावाला भुलू नका, विषय बघा, आणि शक्यतो ज्यावरून आपल्यात वाजतं असाच घ्या. जेवताना पानावर बोलायला काहीतरी हवं ना.

दुपारी हलकं जेवा. आणि जाता जाता मस्तानी नको. मी एकदा आंबा मस्तानीचा अख्खा ग्लास, वरच्या आइस्क्रीमच्या गोळ्यासकट, रिचवून गेले आणि पाणीप्रश्नावरचं व्याख्यान डुलक्या काढत ऐकलं. शेवटी शेजारच्या आजोबांनी कोपराने ढोसलं, “टाळ्यांपुरत्या तरी जाग्या व्हा.”

टिळक रोडवर चारचाकी घालू नका. स्वारगेटपर्यंत मेट्रो, तिथून टिळक स्मारक मंदिर पायी पंधरा-वीस मिनिटं. वेळेच्या अर्धा तास आधी पोचलात तर पंख्याखालची खुर्ची मिळते, आणि त्या दिवसांत पंखा कुठे आहे याला फार महत्त्व असतं. पिशवीत पाण्याची बाटली, छोटी वही आणि घरी दोन ओळी लिहून पाहिलेलं पेन. छत्रीही घ्या. एप्रिलात छत्री बघून लोक हसतात, पण वळवाला नेमकी व्याख्यान सुटायचीच वेळ सापडते.

प्रश्न विचारायची संधी मिळेल असं वाटत असेल तर तो वहीत एका वाक्यात लिहून ठेवा. “मला दोन मुद्दे मांडायचे आहेत” अशी सुरुवात झाली की मागच्या रांगा चपला शोधायला लागतात.

आता खरं काम. जेवायला जवळच बादशाही आहे, १९३२ पासूनची. रात्रीची वेळ आणि सुट्टीचा वार दुपारीच फोन करून विचारून ठेवा. तिथे गर्दी असली की नाव लावून थांबावं लागतं, आणि व्याख्यान सुटलं की निम्मं सभागृह भुकेलंच बाहेर पडतं. म्हणून चौघं असाल तर आभारप्रदर्शन सुरू होताच एकाने उठून पुढे जायचं. कुणी, ते घरूनच ठरवून या. आमच्यात चिठ्ठी टाकतात. बाकीच्यांनी मागून रमतगमत, वक्त्याची उणीदुणी काढत यायचं. ताट समोर आलं की मात्र पहिली पोळी संपेपर्यंत वाद बंद. गरम पोळीची वाफ निघून गेली की ती पुन्हा येत नाही, मुद्दा मात्र ताकापर्यंत टिकतो.

सुटे पैसे घ्या. आणि घराची किल्ली बरोबर ठेवा, कारण बिल दिल्यावरही फुटपाथवर अर्धा तास जातो आणि तोवर घरचे झोपलेले असतात.