कर्णाचं दातृत्व, कर्णाची निष्ठा : निबंध कसा बांधावा

'कर्ण दानशूर होता, मित्राला जागला' एवढ्यावर दोन पानं भरतात, निबंध होत नाही. विशेषणं बाजूला ठेवून आधी प्रसंग निवडा. महाभारतातले तीन पुरेत: वनपर्वातलं कवचकुंडलांचं दान आणि उद्योगपर्वात कृष्णाशी, मग कुंतीशी झालेली भेट.

दानाच्या प्रसंगाला तीन प्रश्न विचारा. देणाऱ्याला किंमत ठाऊक होती का? बदल्यात काय घेतलं? भुर्दंड कोणाला पडला? कवचकुंडलं मागायला इंद्र येणार हे सूर्याने स्वप्नात आधीच सांगितलं होतं, म्हणजे कर्ण फसला नाही. पण त्याने इंद्राकडून अमोघ शक्ती, म्हणजे कधी न चुकणारं अस्त्र, मागून घेतली. 'निरपेक्ष दान' असं लिहिणारे इथेच घसरतात. कर्ण काहीच मागत नाही तो भासाच्या 'कर्णभार' या संस्कृत नाटकात. तिथे त्याचा सारथी शल्य नको म्हणत असताना तो देतो आणि शक्ती इंद्र मागाहून दूताहाती पाठवतो. दोन ग्रंथांची खिचडी करू नका. कादंबरीतला संवाद व्यासांच्या नावावर खपवणं तर त्याहून वाईट.

निष्ठा तपासायची ती आमिष समोर असताना. कृष्ण राज्य देऊ करतो, तेव्हाचं कर्णाचं उत्तर नीट वाचा. तो आधी वाढवणाऱ्या आईबापांचं नाव घेतो: अधिरथाने त्याला घरी आणून राधेकडे दिलं आणि मायेने तिला लगेच पान्हा फुटला. मग बायका, मुलं-नातवंडं. दुर्योधनाच्या आश्रयाने तेरा वर्षं भोगलेलं राज्य त्यानंतर येतं. पाळणाऱ्यांशी निष्ठा आणि मित्राशी निष्ठा वेगवेगळ्या परिच्छेदांत मांडा, नाहीतर सगळं 'मैत्री' या एका शब्दात गडप होतं.

आता खरी गाठ. अर्जुन सोडून बाकी चौघांना मारणार नाही, हे वचन कर्ण कुंतीला देतो. दान त्याचं, भुर्दंड दुर्योधनाला! द्रोणपर्वात भीम तावडीत सापडतो आणि कर्ण त्याला धनुष्याच्या टोकाने डिवचून, टोमणे मारून सोडून देतो. सहाशे शब्दांचा निबंध असेल तर तीनशे इथे खर्च करा. दातृत्व निष्ठेच्या आड येतं ते इथेच.

संदर्भ देताना पर्वाचं नाव हवंच. श्लोकक्रमांक दिलात तर आवृत्तीही सांगा, कारण भांडारकर संस्थेच्या चिकित्सित (अनेक हस्तलिखितं ताडून केलेल्या) आवृत्तीतले क्रमांक इतर प्रतींशी जुळत नाहीत.