५५५ टायमर शिकायचाय? आधी कपॅसिटर भरताना बघा

५५५ हा ठरावीक वेळ मोजून दिव्यासारखं काही चालू-बंद करणारा आठ पिनांचा आयसी, म्हणजे छोटी चिप. पहिल्या दिवशी तो पाकिटातच राहू द्या. ५५५ शिकायला बसलं की आपण आधी आठ पिनांची नावं घोकतो. मीही घोकली होती, आणि सर्किट अडलं तेव्हा त्या पाठांतराचा काडीचाही उपयोग झाला नाही. टायमरचा वेळ आयसीत नसतोच, तो रेझिस्टर (करंटला अडवणारा भाग) आणि कपॅसिटर (चार्ज साठवणारा भाग) यांच्या जोडीत असतो. ती जोडी आधी डोळ्यांनी बघा.

ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचून जोडायची भोकांची पाटी) ९ व्होल्टची बॅटरी, १०० किलोओहमचा रेझिस्टर आणि १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एकामागे एक लावा. कपॅसिटरच्या अंगावर ज्या बाजूला वजाच्या खुणांचा पट्टा असतो, तो पाय बॅटरीच्या मायनसला. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून कपॅसिटरच्या दोन पायांवर धरा. १ किलोओहमचा एक रेझिस्टर त्याच दोन पायांना टेकवून कपॅसिटर रिकामा करा, मग तो काढा आणि घड्याळ लावा. आकडा आधी भराभर चढतो, मग रेंगाळायला लागतो. ६ व्होल्ट येईपर्यंत साधारण ११ सेकंद जातात. तुम्हाला ९ मिळाले किंवा १३ मिळाले तरी घाबरू नका, या कपॅसिटरवर छापलेली किंमत २० टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकते.

हे चार-पाचदा करा. आकडा ६ वर आला की तोंडाने ‘आता!’ म्हणा. ५५५ नेमकं हेच काम करतो, तुमच्याऐवजी तो कपॅसिटरवर नजर ठेवतो.

हान्स कॅमेन्झिंड यांनी १९७१ मध्ये ही रचना केली आणि १९७२ मध्ये सिग्नेटिक्सने ती बाजारात आणली. आतली युक्ती मला अजूनही सुंदर वाटते. तीन सारखे रेझिस्टर सप्लायचे, म्हणजे बॅटरीच्या व्होल्टेजचे, तीन समान भाग करतात. दुसऱ्या पिनवरचा व्होल्टेज एक तृतीयांशाखाली गेला की आउटपुट चालू होतं. सहाव्या पिनवरचा दोन तृतीयांशावर चढला की आउटपुट बंद होतं आणि सातवी पिन कपॅसिटर रिकामा करते. सगळं प्रमाणात मोजलेलं असल्यामुळे बॅटरी उतरून ९ची ७ व्होल्ट झाली तरी वेळ जवळपास तेवढाच राहतो. १.१ गुणिले आर (रेझिस्टर) गुणिले सी (कपॅसिटर) हे सूत्रही इथूनच येतं: शून्यापासून दोन तृतीयांशापर्यंत भरायला आरसीच्या १.१ पट वेळ लागतो, आणि तो तुम्ही आत्ताच घड्याळावर मोजलात.

आता आयसी काढा. ब्रेडबोर्डच्या मधल्या खाचेवर आडवा बसवा. अंगावरचा अर्धगोल कट डावीकडे ठेवला की खालच्या ओळीत डावीकडून १ ते ४ आणि वरच्या ओळीत उजवीकडून ५ ते ८. पिन १ मायनसला, पिन ८ प्लसला. पिन ४ सुद्धा प्लसलाच, ती मोकळी सोडू नका. रिसेटची पिन हवेत लोंबकळत राहिली की सर्किट हात जवळ नेताच बिघडतं आणि माणूस दिवसभर भलतीकडेच शोधत बसतो. पिन ६ आणि ७ एकमेकींना जोडा. त्या जोडापासून प्लसकडे १०० किलोओहम, मायनसकडे १०० मायक्रोफॅरड, म्हणजे मघाचीच जोडी. पिन २ ला १० किलोओहमने प्लसवर टांगा आणि पिन २ व मायनस यांच्यामध्ये बटण लावा. पिन ५ पासून मायनसला ०.०१ मायक्रोफॅरड. पिन ३ मधून, म्हणजे आउटपुटमधून, १ किलोओहम, मग एलईडीचा लांब पाय, आखूड पाय मायनसला. शेवटी पिन ८ आणि १ यांच्यामध्ये, आयसीला अगदी चिकटून, ०.१ मायक्रोफॅरड. हा शेवटचा कपॅसिटर अनेक जण गाळतात. आउटपुट बदलताना ५५५ क्षणभर सप्लायमधून मोठा घोट घेतो, तेव्हा तो घोट याच कपॅसिटरने पुरवायचा असतो. आणखी एक: लांब ब्रेडबोर्डवर प्लस-मायनसच्या पट्ट्या कधीकधी मध्यावर तुटलेल्या असतात. मीटर लावून खात्री करा, मगच भरवसा ठेवा.

बटण दाबून सोडा. एलईडी लागेल आणि ११ सेकंदांच्या आसपास विझेल. तेव्हा मीटर पिन ६ वर धरायला विसरू नका. आकडा ६ पर्यंत चढतो आणि धाडकन खाली येतो, तो क्षण बघायलाच हवा.

माझ्या बारा वर्षांच्या भाचीने हे सर्किट केलं तेव्हा तिने बटण दाबूनच धरलं. अकरा सेकंद झाले, पंधरा झाले. “मावशी, हा विझतच नाहीये!” मी तिला म्हटलं, “पिन दोनवर किती व्होल्ट आहेत ते बघ.” शून्य होते. बटण दाबलेलं असेपर्यंत आयसीला ‘चालू कर’ हा हुकूम मिळतच राहतो, आणि वेळ संपली तरी तो हुकूमच वरचढ ठरतो. उपाय असा: बटण आणि पिन २ यांच्यामध्ये ०.०१ मायक्रोफॅरड घाला, बटणाच्या बाजूलाही १०० किलोओहमने प्लस द्या, आणि पिन २ पासून प्लसकडे १एन४१४८ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावा, पट्ट्याचं टोक प्लसला. आता बटण कितीही वेळ दाबलं तरी पिनला फक्त क्षणाचा धक्का बसतो. तिने स्वतः मोजून कारण शोधलं, म्हणून ते तिच्या डोक्यात पक्कं बसलं.

लुकलुकणारा दिवा हवा असेल तर बटण, त्याच्याबरोबरचे भाग, ६-७चा जोड आणि त्यावरची १०० किलोओहम-१०० मायक्रोफॅरडची जोडी काढा. पिन २ आणि ६ जोडा, ८ ते ७ मध्ये १० किलोओहम, ७ ते ६ मध्ये ६८ किलोओहम, ६ पासून मायनसला १० मायक्रोफॅरड. एक फेरी साधारण एका सेकंदाची होते. ८ ते ७ मधला रेझिस्टर मात्र १ किलोओहमच्या खाली नेऊ नका, सातवी पिन प्लसला जवळपास थेट मायनसवर ओढेल. रिले (कॉइलने चालणारा स्विच) लावणार असाल तर त्याच्या कॉइलवर उलटा डायोड हवाच, आणि घरातल्या विजेला जाणकार माणूस सोबत असल्याशिवाय हात लावू नका.

माझं घोडं अडलं ते लांबच्या वेळेत. आईला डोळ्यांत दोन वेगवेगळी औषधं घालायची होती, मध्ये पाच मिनिटं सोडून. मी हिशेब केला: ८२० किलोओहम, ३३० मायक्रोफॅरड, २९८ सेकंद. पेटी छान बनवली, बटण दाबलं, दिवा लागला आणि विझेचना. मी दोन आयसी बदलले, सगळ्या तारा उपटून पुन्हा लावल्या. शेवटी कपॅसिटरवर मीटर धरला तर आकडा ५ व्होल्टच्या थोडा वर येऊन तिथेच बसला होता.

कारण कागदावर दोन ओळींत निघालं. ६ व्होल्ट गाठायच्या वेळी रेझिस्टरवर फक्त ३ व्होल्ट उरतात, म्हणजे ८२० किलोओहममधून साडेतीन मायक्रोॲम्पियरच्या जरा वर करंट येतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर थोडाफार गळतोच, बरेच दिवस पडून राहिलेला तर जास्तच. वरून येतं तेवढं खालून गळालं की पातळी चढणार कशी? शिवाय मल्टिमीटर स्वतःही थोडा करंट पितो, म्हणून मोठ्या रेझिस्टरच्या सर्किटवर तो लावून ठेवला की वेळ आणखी लांबते. तेव्हापासून इलेक्ट्रोलिटिकसोबत मी २२० किलोओहमच्या वर सहसा जात नाही.

मिनिटांचा टायमर हवा असेल तर मोठा कपॅसिटर शोधू नका, छोटे ठोके मोजा. सीडी४०६० या आयसीत ठोके देणारा भाग आणि ते मोजणारा भाग दोन्ही असतात. ०.१ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर आणि १६० किलोओहम (१५० आणि १० एकापुढे एक) लावले की ८१९२ ठोक्यांनंतर, म्हणजे जवळपास पाच मिनिटांनी, त्याची पिन ३ चालू होते. आईच्या पेटीत आता तोच आहे. पहिलं औषध घातलं की ती बटण दाबते आणि डोळे मिटून पडते. हिरवा दिवा लागला की मी दुसरी बाटली उघडते.